दोन पाट्या माती

चोरी तुम्हीच केली. नाव घ्यायचं कारण नाही. नाव घेतलं की तुमची बदली झालेली असते आणि खुर्चीतला नवा माणूस म्हणतो, ते आमच्या आधीचं. म्हणून हे माणसाला नाही, खुर्चीला आहे. बनाबाईच्या दगडांतला भुईचाफा तुम्ही नेलात. तुमच्या हाताला माती लागली नाही, हे कबूल. ती कधीच लागत नसते. खोदणारा हात बनाबाईच्या नवऱ्याचा, वाहणारे हात वाडीतल्या पोरांचे, आणि फूल मात्र तुमच्या फाटकाच्या आत. अशी चोरी करायला डोकं लागतं.

आता झालं कसं ते ऐका. तुम्हाला ठाऊक असलं तरी ऐका.

भाटघर धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, भोरहून वेल्ह्याकडं जाणारा रस्ता वळणं घेत चढायला लागतो, तिथं डोंगराला चिकटून वरची वाडी आहे. वाडीच्या टोकाला एकाच दगडी गडग्याच्या दोन बाजूंना दोन घरं. अलीकडं बनाबाई आणि तिचा नवरा ज्ञानू. पलीकडं बनाबाईची धाकटी जाऊ रत्ना. रत्नाचा नवरा पुण्यात टेम्पो चालवतो आणि सणासुदीला तोंड दाखवतो. बनाबाईच्या अंगणाच्या उतारावर दगड उभे केलेले आहेत. नवख्याला वाटेल, पडक्या भिंतीचा पाया राहिलाय. तो पाया नव्हे. ती सासूची, पारूबाईची बाग.

भुईचाफा वाडीत कुणी लावला नाही असं नाही. सगळ्यांनी लावून पाहिला. पण इथला पाऊस म्हणजे आभाळ फाटल्यासारखा. सपाट जागेत गड्डे कुजून चिखल होतात. कुजण्यातून वाचले तर साळिंदर उकरून खातं. पारूबाईनं काय केलं, चपटे दगड उभे निम्मे गाडले, तोंडातल्या दातांसारखे एकमेकाला टेकून, आणि मधल्या फटींत पालापाचोळा, जुन्या राबाची राख आणि तांबडी माती भरली. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात त्या राबाची राख, बरं का, चुलीतली नव्हे. पाणी दगडाला धरून खाली निसटतं, साळिंदराची नखं दगडावर बोथट होतात, आणि गड्डा आत निवांत. पावसाळ्यात हळदीसारखी पानं येतात, खालून जांभळी. दिवाळीनंतर ती पिवळी पडून जमिनीवर झोपतात आणि वाळून जातात. मग तिथं पाण्याचा थेंब टाकायचा नाही, झाडू फिरवायचा नाही, पाय तर नाहीच नाही. पौषात कुणी बघितलं तर काही दिसत नाही. दगड आणि भुसभुशीत माती, बास.

आणि चैत्रात मातीला चीर पडते. पान नाही, देठ नाही, थेट भुईतून फूल. पांढरं, मधल्या पाकळीला जांभळा रंग. सकाळी उमललं की संध्याकाळी मान टाकतं. एका फुलाला एकच दिवस. पण वास असा की गडग्यापलीकडं रत्ना चुलीपाशी बसून म्हणायची, "आक्का, फुटला वाटतं तुमचा."

चैती पौर्णिमेला वाघजाईची पालखी निघते. तिच्या पुढं भुईचाफ्याचं फूल तबकात घेऊन एक बाई चालते. पालखी तिच्या मागून. ती डावीकडं वळली तर पालखी डावीकडं, ती थांबली तर पालखी थांबते. हा मान, ज्या घरच्या दगडात भुईचाफा उमलतो त्या घरच्या बाईचा. पारूबाईचा होता. तिच्यामागं बनाबाईचा आला. एखाद्या साली घरात फूल आलं नाही, तर मान भावकीतल्या शेजारच्या घराकडं जातो, हाताला लागेल ते फूल घेऊन. म्हणजे रत्नाकडं. तसं कधी झालं नव्हतं. होईल असं कुणाला वाटलंही नव्हतं.

या साली चीर पडली नाही.

गुढी उभी राहिली, उतरली. बनाबाई रोज सकाळी चूळ भरून आधी दगडांपाशी जाऊन वाकायची. माती गप्प. उशीर होतो कधीमधी, म्हणून तिनं मनाला समजावलं. मग एका सकाळी तिनं बोट घातलं. बोट सर्रकन आत गेलं, आणि हाताला लागली ती रेती. ओढ्याची. राखेची काळसर माती नव्हतीच ती. तिनं दुसऱ्या फटीत बोट घातलं, तिसऱ्या. सगळ्या फटींत ओढ्याची रेती भरलेली. खाली हात घातला तर गड्डा एक नाही.

बनाबाई तिथंच उकिडवी बसली आणि विचार करायला लागली. ओरडली नाही. ओरडणारी बाई चोराला सावध करते, हे सासूनं शिकवलेलं.

डुक्कर? डुकरानं दगड उलथेपालथे केले असते. साळिंदर? काटा पडला असता, आणि साळिंदर खाल्लेल्या खड्ड्यात ओढ्यावरनं रेती आणून भरत नाही. दगड जिथल्या तिथं होते. उभे, टेकलेले, पारूबाईनं मांडले तसेच. म्हणजे ज्यानं गड्डे काढले, त्याला मांडणी माहीत होती. परका माणूस दगड फेकून देतो. घरचाच तो परत मांडतो.

घरचं कोण? तिनं गडग्याकडं बघितलं. पलीकडून रत्ना भांडी घासत होती आणि गाणं गुणगुणत होती. गुणगुणायला कारण लागतं.

तिथून पुढं बनाबाईला सगळंच दिसायला लागलं. संशय लागला की माणसाला नको ते डोळे फुटतात. रत्ना पौषात म्हणाली होती, "आक्का, तुमी वरव्याला जावा बिनघोर, मी बघते हितलं." बनाबाईच्या लेकीचं, मंगलचं, वरवे बुद्रुकला दुसरं बाळंतपण होतं. सासरी कुणी करणारं नव्हतं, म्हणून बनाबाई महिनाभर तिकडं होती. मी बघते. काय बघितलं मग? रत्नानं नवी साडी घेतली होती, हिरवी. कशासाठी? पालखीपुढं चालायला? आणि परवा ते ताटलीएवढं तबक का घासत होती?

घरातही एक विचित्र गोष्ट होती. ज्ञानू जेवताना मान वर करत नव्हता. भाकरी मोडायचा आणि तशीच ठेवायचा.

"काय झालं वो तुमाला?"

"काय न्हाई. पोटात जरा."

"मला वाटतं रत्नीनंच काढलं गड्डं."

ज्ञानूला ठसका लागला. "लगेच कुनावर नाव नगो घिऊ."

"तुमी कशापायी तिची बाजू घेताय?"

"बाजू कसली. मी आपलं म्हनतो."

"तुमी कवाच काय म्हनत न्हाई, आन् आजच बरं म्हनताय."

ज्ञानू उठला आणि गोठ्यात गेला. त्याला गोठ्यात काही काम नव्हतं. म्हैस तिकडं ओढ्यात बसली होती.

दुपारी रत्ना हांडा घेऊन टाकीवर गेली तशी बनाबाई गडगा ओलांडून पलीकडं गेली. तुळशीच्या मागं माती ताजी उकरून थापलेली दिसत होती, ती दोन दिवस तिच्या नजरेत सलत होती. हिच्याच खाली. तिनं विळ्यानं माती मोकळी केली आणि हात घातला. हाताला काहीतरी मऊ लागलं. ओढलं. पिसं आली. मेलेली कोंबडी.

"चांगली हाय का?" मागून आवाज आला. रत्ना हांडा कमरेवर घेऊन उभी होती. "रोगानं मेली ती. म्हनलं पुरावी, कुत्री वडतील. तुमाला कालवन करायचं आसंल तर न्या."

बनाबाई उठली. हातातलं पीस पडायचं नाव घेईना.

"माजं गड्डं कुठं हायेत, रत्ने?"

"कसलं गड्डं?"

"सोंग नगो करू. मान पायजे व्हता तर तोंडानं मागायचा. सासूनं मला दिला म्हनून तुज्या पोटात दुखतंय आज किती सालं. मातीत हात घालून चोरलास."

रत्नानं हांडा खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "आक्का, मी आजवर तुमच्याफुडं वर तोंड करून बोलले न्हाई. पन आज ऐका. तुमचा मान मला नगो. पालखीपुढं चालून माजा नवरा पुन्यावरनं घरी यील का? मी वाघजाईच्या पायरीवर हात ठिवून सांगते, तुमच्या दगडाला म्या बोटसुदिक लावलं न्हाई."

"शपथ कुनीबी घेतं."

"मग तुमी बी घ्या. घ्या शपथ, की म्याच काढलं. बोला वाघजाईफुडं. बगू तुमाला खात्री हाय का."

बनाबाईला खात्री नव्हती. पण तोंडातून शब्द गेला होता, आणि वाडीत शब्द गेला की तो म्हशीसारखा आपल्या पायानं परत येत नाही. संध्याकाळपर्यंत घरोघर झालं: थोरलीनं धाकटीला चोर म्हटलं, आणि धाकटीच्या अंगणातून कोंबडी उकरली. लोकांनी कोंबडीचंच जास्त बोलून घेतलं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी गेनबा आला. गेनबा वाघजाईचा गुरव. म्हातारा, पण बोलायला तिखट.

"बने, फूल हाय का?"

"न्हाई आबा."

"मग रीत ठावं हाय. उद्या रत्ना फुडं चालंल. जास्वंद घिऊन."

"चोराच्या हातात तबक देनार?"

"चोर कोन हे वाघजाईला ठावं. मला पालखी उचलायचीय." तो उठला, दारात थांबला. ज्ञानूकडं बघून म्हणाला, "आन् तुजं काय रं? तोंडात गूळ धरल्यावानी गप का?"

ज्ञानूनं चपलेचा अंगठा बघितला.

तेवढ्यात चिमाजी आला. चिमाजी खालच्या वाडीचा, रत्नाच्या नात्यातला पोरगा. घाटाच्या वळणावर तुम्ही जी 'शिलाउद्यान' नावाची बाग केलीत, तिथं राखणदार आहे. लोक तिला दगडाची बाग म्हणतात. तिथून धरणाचं पाणी दिसतं, म्हणून गाड्या थांबतात आणि लोक स्वतःचेच फोटो काढतात. चिमाजीनं मोबाईल पुढं केला.

"मावशी, वासावरनं मला तुमची याद आली म्हनून फोटू काढला. बगा की. आमच्या बागंत तुमच्यासारखीच फुलं आलीत. लई आलीत. सायेब खूस हायेत. फलक लावलाय."

बनाबाईनं मोबाईल धरला. फोटोत दगड होते, पण आडवे टाकलेले, सिमेंटनं चिकटवलेले, वर पांढरा रंग मारलेला. आणि त्यांच्यामधून पांढरी, जांभळी, ओळखीची. एका फुलाची वरची पाकळी जरा दुमडलेली. पारूबाईच्या गड्ड्याच्या फुलाची ती खोड होती. रोज सकाळी उमलणाऱ्या पहिल्या फुलाची पाकळी अशी दुमडलेली असायची. सासू म्हणायची, लाजतंय.

"ही कुठनं आली तुमच्यात?"

"काय म्हाईत. माती आली त्याच्यातनं उगवली आसंल. पौषात समद्या वाड्यांतनं माती न्हेली न्हाई का?"

"कसली माती?"

चिमाजीनं ज्ञानूकडं बघितलं. गेनबानंही बघितलं. ज्ञानू भिंतीला टेकला आणि हळूच खाली बसला.

"अवो," बनाबाई म्हणाली. आवाज खाली गेला होता. "सांगा."

मग ज्ञानूनं सांगितलं. बनाबाई वरव्याला असताना तुमची गाडी आली. टोपीवाला माणूस उतरला. बागेसाठी घरटी दोन पाट्या माती द्या म्हणाला, आपल्या अंगणातली, चांगली, देवाच्या कामासारखं काम आहे, सगळ्या वाड्यांची माती एका बागेत, तुमच्या गावाचं नाव होईल. असं म्हटल्यावर काय करणार? या डोंगरात देवळाचा ओटा बांधायचा असला की घरटी पाटीभर माती देतात, आणि ती घरातली सगळ्यात चांगली देतात. ओढ्याची रेती दिली तर भावकी वर्षभर तोंडावर मारते, देवाला रेती घातली म्हणून. ज्ञानूनं मागच्या परड्यातली द्यायला घेतली होती. टोपीवाल्यानं काठीनं दगडांकडं दाखवलं. "ती भारी माती आहे. ती द्या की."

"आन् तुमी दिली," बनाबाई म्हणाली.

"समदी वाडी बघत व्हती बने. न्हाई कसं म्हनू? म्या म्हनलं, वरवरची देतो, गड्डं खाली राहतील. खोदायला लागलो तर माती लई भुसभुशीत, फावडं आत गेलं. गड्डं दिसलं तसं म्या सांगितलं बी, सायेब, यात गड्डं हायेत. तो म्हनला, असू द्या, असू द्या, मुरतील."

"मुरतील म्हनला?"

"हसला आन् म्हनला. म्या मग ओढ्याची रेती आनून भरली, दगड जसंच्या तसं लावलं. म्हनलं हळदीवानी आसंल, दोन काढलं तर चार राहतात. चैतात कळलं. बघनाऱ्यांना, रत्नीलाबी, वाटलं वरवरचीच माती गेली, म्हनून तुला कुनी काय बोललं न्हाई."

"आन् म्या रत्नीला चोर म्हनत हुते तवा तुमी भाकरी मोडत व्हता."

 

आता तुम्हाला आठवण करून द्यायची वेळ झाली. गेल्या वर्षीच्या चैत्रात तुमची गाडी याच अंगणासमोर थांबली होती. तुम्ही स्वतः उतरला होता. दगडांपाशी वाकून फोटो काढलेत, वास घेतलात, आणि एक गड्डा द्या म्हणालात. बनाबाई म्हणाली, "मान वाटत न्हाईत, सायेब." तुम्ही हसून म्हणालात, "बघू." त्याचं पुढं काय झालं? नऊ महिन्यांत टोपीवाला आला, आणि सबंध वाडीत त्याची काठी नेमकी त्याच दगडांवर गेली. पौषात. तिथं दिसण्यासारखं काही नसताना. मोकळ्या मातीकडं बघून कुणाला कळतं ती भारी आहे म्हणून? ज्याला आधीच माहीत आहे त्याला.

बनाबाई उठली आणि चिमाजीबरोबर बागेवर गेली. रस्त्यानं चालत, पदर डोक्यावर घट्ट ओढून. फाटकाला जाळी होती. आत काळ्या नळ्या पसरल्या होत्या आणि थेंब थेंब पाणी सगळ्या दगडांखाली चाललं होतं.

"चिमाजी, ते पानी बंद कर. कुजंल ते. पान येईस्तवर पानी लागत न्हाई त्येला."

"मला कुठं हक्क हाय मावशी. वरनं सांगितलंय, बाग हिरवी दिसली पायजे."

फलकावर तुमच्या खात्याचं नाव मोठं होतं. खाली 'दुर्मीळ वनस्पतीचं संवर्धन', आणि त्याखाली लाल अक्षरांत, तोडल्यास कारवाई. बनाबाई शाळा फारशी शिकली नव्हती, पण लाल अक्षरं तिनं दोनदा वाचली.

परत येताना ती घरी गेली नाही. रत्नाच्या दारात गेली. रत्ना तांदूळ निवडत होती. वर बघितलं नाही.

"रत्ने, चुकलं माजं."

"कोंबडीचं का चोरीचं?"

"दोन्हीचं."

"बसा मग. च्या टाकते." एवढंच. पण चहात साखर घालताना रत्ना म्हणाली, "उद्या मान माजा हाय नव्हं? आबांनी तसा निरोप धाडलाय."

"तुजाच."

"मंग जास्वंद काय मी नेत न्हाई."

पौर्णिमेच्या सकाळी हलगी वाजली. पालखी उठली. हिरवी साडी नेसून रत्ना पुढं, हातात रिकामं तबक. लोक कुजबुजले, आं, फूल न्हाई? गेनबा म्हणाला, "रत्ने, फूल कुठाय?" ती म्हणाली, "जिथं उमललंय तिथं." आणि देवळाकडं वळायच्या जागी ती घाटाच्या रस्त्याला लागली. भोयांनी एकमेकाकडं बघितलं. रीत म्हणजे रीत. ती जिकडं, पालखी तिकडं. मागं सगळी वाडी, पोरं, म्हाताऱ्या, एक दोन गाड्यांतून उतरलेली पुण्याची माणसं. हलगीवाला तर दुप्पट जोरात वाजवायला लागला.

बागेच्या फाटकाशी रत्ना थांबली. पालखी थांबली. जाळीच्या आत भुईचाफा उमललेला होता, त्या दिवशीच्या पहिल्या फुलाची पाकळी दुमडलेली.

"आक्का, या फुडं," रत्ना म्हणाली. तिनं तबक बनाबाईच्या हातात दिलं. "मान माजा हाय, म्हनून मी कुनालाबी दीन. तुमी घ्या."

एक पोरगा जाळीवर चढायला निघाला. "थांबा, मी तोडून आनतो!"

बनाबाईनं त्याचा शर्ट धरून खाली ओढला. "मुडद्या, चोरून आनलं तर मग चोर कोन झालं? आपन."

 चिमाजीनं तुम्हाला फोन लावला. बनाबाई म्हणाली, "मोट्यानं लाव, समद्यांना ऐकू दे." तुमचा आवाज आला.

"काय आहे? गर्दी कसली?"

"सायेब, पालखी आलीय फाटकावर."

"पालखीची परवानगी आहे का?"

मागं हसू फुटलं. गेनबा म्हणाला, "वाघजाईला इचारून सांगतो म्हनावं."

बनाबाईनं मोबाईल घेतला. "सायेब, म्या बनाबाई. वरच्या वाडीची. गेल्या चैतात तुमी माज्या दगडापाशी वाकला व्हता."

"असेल बाई. रोज कितीतरी लोक भेटतात. तुम्हाला हवंय काय?"

"हे फूल माज्या दगडातलं हाय."

"माती लोकांनी स्वखुशीनं दिलेली आहे. फोटो आहेत आमच्याकडं, तुमच्या नवऱ्याचाही असेल. आता तुमचा देवाचा कार्यक्रम आहे ना? एक फूल घेऊन जा. एकच. चिमाजी, त्यांना एक तोडून दे. आणि हो, तबकात ठेवलं की फोटो काढून पाठव. पेपरला देऊ. देवीच्या मानाला आमच्या उद्यानातलं फूल."

ज्ञानूचा चेहरा फुलला. "झालं की बने. घे."

चिमाजीनं कुलूप काढलं. फाटक उघडलं. दगडांवरच्या वाटेनं तो आत गेला, वाकला, आणि हात पुढं करून थांबला, कारण बनाबाईनं हात वर केला होता.

रिकामं तबक तिच्या हातात, मागं पालखी, समोर तिचंच फूल, संध्याकाळपर्यंतचं. घ्यायला एक पाऊल. सासूला काय सांगायचं, सायबानं दया करून दिलं म्हणून? आज दिलं, फुडल्या साली फाटकापाशी हात पसरून उभं राहायचं. मान तबकात राहत नाही, देणाऱ्याच्या हातात जातो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण ती मान घेऊन चाललेली बाई होती, तिला ते चालून चालून कळलं होतं.

"ऱ्हाऊ दे चिमाजी. हात लावू नगोस." मग मोबाईलमध्ये, "सायेब, मला फूल नगो."

"मग काय हवंय? गड्डे? त्यासाठी रीतसर अर्ज करावा लागेल."

"अर्ज न्हाई करनार. एक इचारते. तुमच्या टोपीवाल्यानं समदी वाडी सोडून माज्या दगडाकडं काठी दावली. माज्या मालकानं सांगितलं यात गड्डं हायेत, तर हसून म्हनला मुरतील. त्येला कुनी सांगितलं व्हतं?"

"हे बघा बाई, माणसं चांगली माती बघून घेतात, त्यात..."

"पौषात तिथं काय दिसत न्हाई सायेब. तिथं काय हाय ते बघून कळत न्हाई. सांगितलं तरच कळतं."

 फोनमधून नुसता पंखा फिरल्याचा आवाज येत होता. हलगी थांबली होती. भोयांनी खांदा बदलला आणि उन्हानं डोळे बारीक केले. रत्ना बनाबाईच्या शेजारी येऊन खांद्याला खांदा लावून उभी राहिली. आत, सिमेंटच्या दगडांमध्ये, दुमडलेल्या पाकळीची कड जराशी मऊ पडली होती.

"पालखी हितनं हालनार न्हाई," बनाबाई म्हणाली. "फूल वाळलं तर वाळू दे, तुमच्या फलकाखाली. फोन ठिवू नगा सायेब. व्हय म्हना न्हाईतर न्हाई म्हना. ते माजं हाय, हे तुमाला ठावं व्हतं का न्हाई?"